तोंड पुढे, हात मागे: गिटारवर मोजत वाजवायचं कसं

गिटार हातात घेतल्यापासून दोन-तीन महिन्यांत जी, सी, डी, ई मायनर एवढ्या कॉर्ड (एकदम वाजवायचे सुरांचे गट) बहुतेकांच्या बोटांत बसतात. स्ट्रमिंगचे, म्हणजे तारांवरून हात खाली-वर फिरवायचे, दोन-तीन पॅटर्नही येतात. तरीही गाणं उभं राहत नाही. शेजारी कोणी गायला लागलं की गाणारा एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. मग विद्यार्थी आणखी कॉर्ड शिकायला घेतो, नवा पॅटर्न शोधतो, महागडी गिटार बघायला लागतो. अडचण कॉर्डमध्ये नसतेच. तो मोजतो, पण मनातल्या मनात, आणि मनातलं मोजणं हाताच्या मागून चालतं. हात अडखळला की मन थांबतं, हात धावला की मनही धावतं. दोघं एकमेकांना धरून असल्यामुळे काही चुकतंय हे वाजवणाऱ्याला कळतच नाही. मोठ्याने मोजायला लागलं की ते पहिल्या चार मात्रांत कानावर येतं. लय तोंडाने चालवायची आणि हाताने तिच्या मागून जायचं, हा क्रम एकदा बसला की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

गोव्यात ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. फोंडा, डिचोली, पेडण्याच्या गावांत तबला शिकणारं पोर तबल्यावर हात ठेवायच्या आधी बोल तोंडाने म्हणतं आणि हाताने टाळी-खाली दाखवतं. यालाच पढंत म्हणतात. तिकडे साष्टी-बार्देसात पोर्तुगीज काळी चर्चला जोडलेल्या शाळांतून सोल्फेज शिकवत. हाताने ठेका द्यायचा आणि स्वरलिपी बघून सूर नावानिशी म्हणायचे, व्हायोलिन त्यानंतर. त्या शिक्षणातून तयार झालेले गोंयकार वादक पुढे मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रांत बसले आणि समोर ठेवलेला कागद बघून वाजवू लागले. देवळाकडची वाट असो की चर्चकडची, आवाज आधी आणि वाद्य नंतर. गिटारच्या बाबतीतच ही पायरी गळते, कारण गिटार पहिल्याच दिवशी गोड वाजते. कॉर्ड धरली, हात फिरवला, झालं. तबला इतक्या लवकर काही देत नाही, म्हणून तिथे पढंतीला वेळ मिळतो.

आता मोजायचं काय आणि कसं. चार मात्रांचा एक बार धरा: एक, दोन, तीन, चार. चारही शब्द एकाच झटक्यात तोंडातून निघतात, म्हणून मोजायला उत्तम. दोन मात्रांच्या बरोबर मधल्या जागेला ‘नि’ म्हणायचं: एक नि दोन नि तीन नि चार नि. ‘आणि’ म्हणू नका. त्याचे दोन तुकडे पडतात आणि मधली जागा निम्म्यावर न पडता पुढे ढकलली जाते. सहा मात्रा मोजताना हाच घोळ ‘सहा’ करतो. तिथे कोकणीतला ‘स’ घ्यावा, गोव्यात तो सगळ्यांच्या तोंडी आहेच. बँडमध्ये वन-टू-थ्री-फोर म्हणतात, तेही चालेल. भाषा कोणतीही घ्या, शब्द एका झटक्याचा हवा आणि रोज तोच हवा.

चारांतला सगळ्यात अवघड शब्द ‘एक’ आहे. दोन, तीन, चार यांची सुरुवात व्यंजनाने होते, त्यामुळे ते आपटून निघतात. ‘एक’ स्वराने सुरू होतो आणि सहज लांबतो: एऽऽक. मात्रा नेमकी कुठे पडली हे मग कळत नाही, आणि बारची पहिली मात्रा, जी सगळ्यात ठाम हवी, तीच पसरट होते. उपाय साधा आहे. ‘एक’ तोकडा म्हणायचा, ‘क’वर झटकन बंद करायचा आणि थोडा जोरात म्हणायचा. फक्त एवढं दुरुस्त केल्यावर वाजवणं सावरलेले विद्यार्थी बरेच दिसतात.

दुसरी अडचण श्वासाची. वाजवताना बहुतेक जण नकळत श्वास धरून ठेवतात. मोजत असताना तिसऱ्या-चौथ्या बारला हवा संपते, मोठा श्वास घेतला जातो आणि त्यात पुढचा ‘एक’ गिळला जातो. दर दोन बारांनी, ‘चार’ म्हणून झाल्यावर जिथे ‘नि’ येतो, तिथे छोटा श्वास घ्यायचा. त्या एका जागी ‘नि’ म्हटला नाही तरी चालेल, ‘एक’ सोडायचा नाही. आवाज बोलण्याइतका हवा. पुटपुटल्याने काम होत नाही, कारण पुटपुटणं लगेच पुन्हा मनातलं मोजणं होतं.

बसायला बिनहाताचं स्टूल घ्या. प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातांना उजवं कोपर अडतं आणि स्ट्रमिंगचा झोका अर्ध्यात तुटतो. बाल्कांवातला (घराच्या दारापुढच्या पडवीतला) सोपो, म्हणजे बांधीव बाक, चालतो, फक्त अगदी कडेला बसावं म्हणजे दोन्ही पाय जमिनीला पुरतात. गिटार उजव्या मांडीवर असेल तर ठेका डाव्या पायाने द्यायचा. उजव्या पायाने दिला तर गिटार हलते आणि पिक (तारा छेडायची छोटी पाती) तारांवर वेगवेगळ्या खोलीवर आपटते. टाच जमिनीला टेकलेली ठेवून फक्त चवडा हलवायचा. आकड्याला चवडा खाली, ‘नि’ला वर. वर जाणारा चवडासुद्धा मोजायचा आहे हे लक्षात ठेवा, कारण उजव्या हाताचा वरचा स्ट्रोक त्याच्याच बरोबर येणार आहे. लादीवर अनवाणी पायाचा आवाज येत नाही, चप्पल घालून बसलात तर येतो.

पहिले काही दिवस गिटारला कॉर्डच नको. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती आडवी टेकवा, दाबू नका. तारा वाजवल्या की ‘चक्’ असा बद्द आवाज आला पाहिजे. सूर ऐकू आला तर बोटं कुठेतरी दाबली जातायत, किंवा ती नेमकी पाचव्या, सातव्या वा बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) बरोबर वर टेकली आहेत आणि तिथे घंटीसारखा सूर निघतो. थोडं सरकवा. मग प्रत्येक आकड्याला खाली, प्रत्येक ‘नि’ला वर. पाच मिनिटं सलग, न थांबता. उजवा हात मनगटातून आणि थोडा कोपरातून हलावा, दर वेळी सारख्याच अंतरात. झोपाळा जसा कोणी बसलेलं असो-नसो तेवढाच जातो-येतो, तसा हात तारांना लागो न लागो, जात-येत राहिला पाहिजे. स्ट्रमिंगचे बहुतेक पॅटर्न याच एका हालचालीतून निघतात. कुठे तारांना लागायचं आणि कुठे हवेतून जायचं, एवढाच फरक.

सगळ्यांना शिकवला जाणारा एक पॅटर्न घ्या: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. आकड्यांत बसवला की तो असा दिसतो. ‘एक’ला खाली, त्यापुढच्या ‘नि’ला हात हवेतून वर. ‘दोन’ला खाली, ‘नि’ला वर, दोन्ही तारांवर. ‘तीन’ला हात खाली जातो पण तारांना लागत नाही. ‘नि’ला वर, तारांवर. ‘चार नि’ला खाली-वर, तारांवर. म्हणजे आठ जागा, त्यांतल्या सहा वाजतात आणि दोन हवेत.

इथे हमखास काय होतं ते नीट बघा. ‘तीन’ला हात तारांना लागणार नसतो, म्हणून तोंड ‘तीन’ म्हणतच नाही. विद्यार्थी म्हणतो: एक, दोन नि… नि चार नि. ‘तीन’ गळला, की त्याची जागा किती लांब हे मोजायला काही उरत नाही. कोणी ती घाईत खाऊन टाकतो, कोणी उगाच लांबवतो. घाईत खाल्लं तर बार साडेतीन मात्रांचा होतो. ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी उडालं, वाजवणाऱ्याला वाटतं पॅटर्न बरोबर आला. यावर एकच औषध: जिथे हात वाजत नाही तिथला आकडा सगळ्यात मोठ्याने म्हणायचा. एक, दोन नि, ‘तीन!’ नि चार नि. पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण तोंड आणि हात वेगळे वागायला लागतात. तोच तर हेतू आहे. तोंड हाताची नक्कल करणं सोडतं त्या क्षणापासून मोजणं खरं सुरू होतं.

हे जमत नसेल तर पॅटर्न तोडा. फक्त ‘दोन नि तीन नि’ एवढेच चार तुकडे घेऊन फिरवत राहा: खाली, वर, हवेतून खाली, वर. हवेतून जाताना हात तारांपासून लांब नेऊ नका. दोन बोटांएवढं अंतर पुरे. लांब गेला की परत यायला वेळ लागतो आणि वरचा स्ट्रोक उशिरा पडतो.

आता कॉर्ड बदलणं. लय मोडायची ही सर्वांत मोठी जागा, आणि मोडायचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. डावा हात नवी कॉर्ड पूर्ण धरेपर्यंत उजवा हात वाट बघतो. वाट बघायची नाही. ‘एक’ आला की उजवा हात खाली गेलाच पाहिजे, डाव्याची दोन बोटं जागेवर असोत की तीन. अर्धी कॉर्ड वेळेवर आली तर ऐकणाऱ्याला चालतं, पूर्ण कॉर्ड उशिरा आली तर चालत नाही. बोटं आपोआप शिकतात, कारण उजवा हात थांबणार नाही हे त्यांना कळतं.

शिवाय बदलायला वेळ कुठून काढायचा हेही ठरलेलं आहे. ‘चार’चा स्ट्रोक झाला की जुनी कॉर्ड सोडून द्या. ‘चार’नंतरचा ‘नि’ मोकळ्या तारांवर वाजू द्या. वरच्या स्ट्रोकला बारीक बाजूच्या दोन-तीन ताराच लागतात. त्या मोकळ्या असल्या तर जी, बी आणि ई हे सूर येतात, आणि जी किंवा सी मधल्या गाण्यात ते तिन्ही सूर पट्टीतलेच आहेत, खटकत नाहीत. अनुभवी वादकही हेच करतात. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कॉर्ड बदलायच्या ठीक आधी कान दिला तर मोकळ्या तारांचा तो पुसट आवाज सापडतो. बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायच्या; मात्रांच्या बारशी याचा संबंध नाही) असतील आणि पट्टी वेगळी असेल तर मोकळ्या तारा खटकतील. तिथे बोटं उचलायची पण तारांवर टेकलेली ठेवायची, म्हणजे ‘नि’ला सुराऐवजी ‘चक्’ येतो.

सरावाला सी आणि ए मायनर ही जोडी घ्या. पहिलं आणि दुसरं बोट जागेवरच राहतं, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर जाते (तारा बारीक बाजूकडून मोजायच्या). चार मात्रा सी, चार मात्रा ए मायनर, मोजत. ते स्थिर झालं की जी ते सी. यात एक बारीक गोष्ट आहे. नवीन वाजवणारे सी धरताना बारीक तारेकडचं बोट आधी ठेवतात आणि जाड तारेवरचं शेवटी. पण ‘एक’चा स्ट्रोक वरून खाली येतो, म्हणजे जाड तारा आधी वाजतात. जे बोट आधी लागणार आहे तेच शेवटी पोचतं. क्रम उलटा करा. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आधी, मग मधलं बोट, मग तर्जनी. स्ट्रोक तारांवरून सरकत असताना मागची दोन बोटं पोचली तरी धकतं.

मेट्रोनोमकडे, म्हणजे ठरवलेल्या लयीत क्लिक देणाऱ्या यंत्राकडे, वळायचं ते इतकं झाल्यावर. पहिल्याच दिवशी क्लिकसमोर बसवलेलं मूल घाबरतं आणि मोजणं सोडून क्लिकचा पाठलाग करतं. मोबाइलवरचं कुठलंही फुकट ॲप पुरतं. सुरुवात मिनिटाला ७२ ते ८० ठोके ठेवा. सावकाश म्हणजे सोपं असा समज आहे, तो चुकीचा. ४० वर दोन क्लिकमध्ये दीड सेकंदाची पोकळी असते आणि ती पोकळी स्वतःलाच भरावी लागते. ८० वर ती पाऊण सेकंदाची असते. लय वाढवताना ८० वरून एकदम १०० वर उडी मारू नका. १८१५ साली मेल्त्सेलने पेटंट घेतलेल्या धर्तीच्या लाकडी मेट्रोनोमच्या पट्टीवर आकडे कसे बसवलेत ते पाहण्यासारखं आहे: ४० ते ६० दोन-दोनने, ६० ते ७२ तीन-तीनने, ७२ ते १२० चार-चारने, १२० ते १४४ सहा-सहाने आणि पुढे २०८ पर्यंत आठ-आठने. लय जितकी जलद, तितकी पायरी मोठी. कानाला प्रत्येक पायरी साधारण सारखीच वाटते. सरावातही त्याच पायऱ्या घ्या, आणि एका पायरीवर सलग १६ बार अडखळल्याविना गेले तरच पुढे सरका.

ब्लूटूथ इयरफोनबद्दल एक सूचना. त्यात आवाज थोडा उशिरा येतो. तुम्ही फक्त क्लिक ऐकून वाजवत असाल तर बिघडत नाही, कारण तुम्ही ऐकलेल्या क्लिकलाच धरता. पण पडद्यावरचा लुकलुकणारा दिवा बघत वाजवलं, किंवा त्याच फोनवर आधीच्या रेकॉर्डिंगवर दुसरी गिटार भरली, तर सगळं मागे पडलेलं दिसेल आणि दोष हाताला द्याल. वायरचा इयरफोन वापरा. पावसात पत्र्याच्या छपराखाली क्लिक स्पीकरवर ऐकू येत नाही, तेव्हाही तोच कामाचा.

क्लिकबरोबर वाजवणं जमलं म्हणजे लय आली असं नाही. क्लिक बंद झाल्यावर काय होतं, ते बघा. दुसऱ्या कोणाला फोन धरायला सांगा. चार बार क्लिक चालू, दोन बार आवाज शून्य, पुन्हा चालू. काही ॲपमध्ये ही सोय असतेच. आवाज परत आला तेव्हा तुम्ही क्लिकच्या पुढे असाल तर धावताय, मागे असाल तर रेंगाळताय. बहुतेक जण धावतात, आणि तेही सोप्या जागी. जिथे एकच कॉर्ड दोन-तीन बार चालते तिथे हात मोकळा होतो आणि वेग चढतो. अवघड जागी उलट, कॉर्ड बदलताना लय ओढली जाते. दोन्ही चुका एकाच गाण्यात असल्या तर शेवटी वेळ साधारण बरोबर येते, म्हणून एकूण वेळेवर विसंबू नका. रेकॉर्ड करून मधला तुकडा ऐका.

भजनाच्या तालातून आलेल्या कानाला एक जागा खास जड जाते, तिच्यावर वेळ घालवावा लागतो. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. जोर पहिलीवर, आपले टाळही तिथेच वाजतात. पॉप, रॉक आणि लग्नाच्या बँडची बरीचशी गाणी ड्रमसेटवर चालतात. तिथे पायाचा मोठा ड्रम साधारण एक आणि तीनला, आणि स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा छोटा ड्रम, दोन आणि चारला. गिटारचा कडक स्ट्रोकही दोन-चारलाच पडतो. कान समेवर वाढलेला असल्यामुळे दोन-चारचा तो कडक आवाज त्याला ‘एक’ वाटतो, आणि मग आख्खं गाणं एका मात्रेने सरकतं. यासाठी बद्द तारांवर परत या. आकडे चारही सारख्या आवाजात, हात एक आणि तीनला हलका, दोन आणि चारला कडक. तोंडाचा आवाज हाताबरोबर वाढता कामा नये. हे बसलं की मेट्रोनोम ४० वर लावा आणि त्याच्या क्लिकला दोन आणि चार माना. गाणं मग ८० च्या लयीत चालेल. आधी नुसतं क्लिकबरोबर ‘दोन… चार… दोन… चार’ म्हणत राहा, ते पक्कं झालं की मधे एक आणि तीन भरा, आणि शेवटी हात सुरू करा. मिनिटभराने कान उलटतो आणि क्लिक पुन्हा एक-तीन वाटायला लागतो. तसं वाटलं की हात थांबवा, तोंड चालू ठेवा, पुन्हा ‘दोन… चार’पासून या.

तबल्यातला दुप्पट-चौपटीचा सरावही गिटारवर तसाच्या तसा लागू पडतो. पाय ६० वर. आधी एका ठोक्याला एक स्ट्रोक, मग दोन, मग तीन, मग चार, प्रत्येकी चार बार. चौपटीला ‘तकधिमी’ घ्या आणि ‘त’च्या जागी आकडा ठेवा: एक-क-धि-मि, दोन-क-धि-मि. तिपटीला ‘तकिट’: एक-कि-ट, दोन-कि-ट. दुपटीतून तिपटीत जाताना दोन चुका होतात. एक म्हणजे तीन स्ट्रोक चौपटीच्या वेगाने मारून चौथ्याच्या जागी थांबणं. दुसरी म्हणजे पायाचा वेग बदलणं. तिपटीत आणखी एक पेच आहे. खाली-वर-खाली झालं की पुढचा आकडा वरच्या स्ट्रोकला येतो आणि हात गोंधळतो. तिथे आकड्याला जोर द्यायचा, मग स्ट्रोक खालचा असो की वरचा. तिपटीची लय संथ असेल तर दर आकड्याला मुद्दाम खालचाच स्ट्रोक घेऊन खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असंही वाजवतात, आणि गोव्याच्या गाण्यांना तेच जास्त शोभतं.

कारण गोव्यात सहाचा हिशेब टळत नाही. मांडो, हा गोव्याचा कोकणी गीतप्रकार, सहसा सहा मात्रांत बांधलेला असतो, संथ, तीन-तीनच्या दोन भागांत. त्याच्यामागून येणारी दुलपदं (जलद चालीची गाणी) सहसा सहा-आठच्या चालीत, म्हणजे बारात सहा छोट्या मात्रा, चपळ. दादरा ज्याने ऐकलाय त्याला ही विभागणी नवी नाही: पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. मांडोला साथ करताना अंगठ्याने एक आणि चारला जाड तार, आणि दोन, तीन, पाच, सला बारीक तारांवर कॉर्ड असं वाजवायला सुटसुटीत पडतं. चूक होते ती मोजण्यात. बरेच जण तीनच मोजतात, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, वॉल्ट्झसारखं. मग आपण पहिल्या तिनात आहोत की दुसऱ्या तिनात हे हरवतं, आणि कॉर्ड अर्ध्या बारवर बदलली जाते. सहापर्यंतच मोजा. दुलपदाला वेग चढल्यावर सहा आकडे तोंडात मावत नाहीत, जीभ अडखळते. तिथे पाय दोनच ठोके देतो आणि मोजणी होते एक-कि-ट दोन-कि-ट. मांडोतून दुलपदात जाताना मोजायची पद्धतही त्याच क्षणी बदलायची, नाहीतर पहिले दोन बार हात जुन्या लयीत राहतो.

गाताना तोंड मोकळं नसतं, तेव्हा मोजणी पायाकडे द्यायची. पण ती एकदम देता येत नाही. आधी पायाचा ठेका देत गाण्याचे शब्द नुसते बोला, सुराशिवाय, आणि कोणतं अक्षर कोणत्या मात्रेवर पडतं ते कागदावर शब्दांच्या डोक्यावर आकडे लिहून ठेवा. ओळ ‘एक’वरच सुरू होते असं धरू नका. कित्येक गाणी ‘चार’ किंवा ‘तीन नि’वर उठतात आणि वजनदार अक्षर ‘एक’वर येतं. मग बद्द तारांवर पॅटर्न वाजवत शब्द बोला. शेवटी कॉर्ड आणि सूर. मधेच पाय थांबला तर समजा की अजून एक पायरी मागे जायला हवं.

चवथीला घुमट आरतीत गिटार घेऊन बसायचं झालं तर मेट्रोनोमवरची शिस्त थोडी सैल करावी लागते. आरती चढत जाते. घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य), शामेळ (काठीने वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळें (धातूच्या झांजा) मिळून लय वाढवत नेतात आणि शेवटाकडे ती सुरुवातीपेक्षा बरीच जलद असते. घुमटाच्या भरगच्च बोलांत मात्रा शोधू नका, कासाळ्यांच्या खणखणीत ठोक्याला आकडे जोडा. ते गर्दीतही कानावर येतात. लय चढली की प्रत्येक ‘नि’ला वरचा स्ट्रोक देणं जड होतं, मनगट आवळतं आणि आवळलेलं मनगट मागे पडतं. त्याआधीच वरचे स्ट्रोक सोडून द्या, फक्त आकड्यांना खाली वाजवा, आणखी चढली तर फक्त एक आणि तीनला. मोजणी मात्र पूर्ण चालू ठेवा.

राहिलं ते गाणं सुरू करून देणं. चार मोजणारा माणूस जी लय देतो तीच सगळ्यांना भोगावी लागते, म्हणून घाईत तोंड उघडू नये. गाण्यातली सगळ्यात जास्त शब्दांची ओळ आधी मनात म्हणून बघा. ती ज्या लयीत सहज म्हणता येते ती खरी लय. पहिली ओळ धरून लय ठरवली तर पहिली ओळ संथ असल्यामुळे वेग जास्त दिला जातो आणि पुढे गाणारा धापा टाकतो. चार मात्रांच्या गाण्याला एक बार पुरतो, तीन मात्रांच्या गाण्याला दोन बार द्या, एका बारात कोणालाच अंदाज येत नाही. आणि ‘चार’ म्हटल्यावर सगळे तयार आहेत का हे बघायला थांबू नका. ते ‘एक’ म्हणायच्या आधी बघून घ्यायचं असतं.